उताऱ्याबाहेरचा कुत्रा

पच्.

भर दुपारी सगळं घर चिडीचूप असताना एवढाच काय तो आवाज झाला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, नळाचा थेंब पडला. तिला मात्र त्या आवाजाचा अर्थ पक्का ठाऊक होता. बटणच्या तोंडातून अंगठा बाहेर आला होता. म्हणजे झोप संपली. म्हणजे इंग्रजीही संपलं.

तिने श्वास रोखून धरला. अंगठा कधी कधी नुसताच हवा खायला बाहेर येतो आणि मुकाट पुन्हा आत जातो. मांडीवर उताऱ्यांचं जाडजूड पुस्तक होतं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, इथवर ती पोचली होती. तिसऱ्या हृदयाचं तो नेमकं काय करतो, हे कळायच्या आत गादीवरून विचारणा झालीच.

"आई, काय वाचतेस?"

"अभ्यास."

"मग खरं खरं सांग ना."

खरं खरं म्हणजे मराठीत.

बटण हे तिच्या लेकीचं नाव सासूबाईंनी नाकाकडे बघून ठेवलेलं. जन्मदाखल्यावर दुसरंच काही लिहिलं होतं, पण ते फक्त लस टोचताना उपयोगी पडायचं. सकाळभर बटण बालवाडीत आणि ती चष्म्याच्या दुकानात. "खालची ओळ वाचा. आता दुसरा डोळा झाका. हे बरं दिसतं की हे?" असं अख्ख्या गावाला विचारता विचारता तिच्या डोक्यात आलं, आपणच डोळे तपासायची पदवी घेतली तर? मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "घे की. मग मी फ्रेमा पुसत बसतो."

मात्र विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी वाचनाचा एक विभाग होता. त्यात वेगळं पास व्हावं लागे. बाकीच्या विषयांत डोंगर रचला तरी इंग्रजीत घसरलात की प्रवेश नाही, आणि परीक्षा वर्षातून एकदाच. दिवसभर लोकांना वाचायला लावणाऱ्या बाईलाच वाचता येत नाही, यावर तिने स्वतःच इतके विनोद केले होते की नवऱ्याने हसणं सोडून दिलं होतं. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. त्याचा सल्ला एकच. "थंड डोक्याने घे."

अभ्यासाला वेळ म्हणजे बटणची दुपारची झोप. आणि बटणच्या झोपेचं असं, की आई अभ्यासाला बसली रे बसली की तिला जाग यायची. शेवटी तिने युक्ती काढली. उतारा मनात वाचायचा आणि बटणला मराठीत सांगायचा. अभ्यासही होतो, पोरही गप्प बसतं. एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखी ती स्वतःवर खूश झाली. दगड आपल्याच कपाळावर येणार होता, ते तिला दिसलं नाही. चष्म्याच्या दुकानात असून.

घोळ असा होता, की उताऱ्यांना शेवट नसतो. पुस्तकवाले दोन परिच्छेद रंगात येऊन सांगतात आणि ऐन वेळी पाठ फिरवून प्रश्न विचारू लागतात. घड्याळवाल्या म्हाताऱ्याचंच घ्या. गावाच्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला एक म्हातारा वर्षानुवर्षं चावी देतो. सोबतीला एक कुत्रा. मग विजेवर चालणारं घड्याळ येतं आणि म्हाताऱ्याचं काम जातं. त्या गडबडीत कुत्राही कुठेतरी निघून जातो. शेवटच्या संध्याकाळी म्हातारा जिना उतरतो आणि मनोऱ्याचं दार उघडंच ठेवून जातो. संपला उतारा.

"मग?" बटण म्हणाली.

"मग काही नाही. इथेच संपलं."

"आणि कुत्रा?"

"तो गेला."

बटणचा खालचा ओठ पुढे आला. मग नाकाचं बटण लाल झालं. मग असं भोकाड पसरलं की सासूबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"काय केलंस गं पोरीला?"

"मी काही नाही केलं. पुस्तकातला कुत्रा हरवलाय."

"मग आण की शोधून! पोरीपेक्षा कुत्रा जड झाला का तुला?"

आणला. काय करता? त्याच रात्री पाऊस नसताना विजा चमकल्या, कुत्रा घाबरून धावत मनोऱ्यापाशी आला, बघतो तर दार उघडं! म्हणून तर म्हाताऱ्याने ते उघडं ठेवलं होतं. बटणने डोळे पुसले आणि कुत्र्याचं नाव मोजा ठेवलं, कारण त्याचा एक पाय पांढरा होता. पाय पांढरा असल्याचं पुस्तकात नव्हतं. ते बटणला आधीपासून माहीत होतं.

तेव्हापासून रोज दुपारी ऑक्टोपस, काच बनवणारे कारागीर, बर्फात अडकलेलं जहाज, काहीही निघालं तरी शेवटी मोजा यायचाच. जहाज त्यानेच वास काढत बाहेर आणलं. सासूबाई आतून कणीक मळता मळता ऐकायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "अगं, पण म्हाताऱ्याच्या जेवणाचं काय?" मग म्हाताऱ्याला एक मुलगी द्यावी लागली. ती त्याला आपल्या घरी घेऊन गेली, जावई जरा तिरसट निघाला, पण मोजाने त्यालाही लळा लावला.

संध्याकाळी नणंद कामावरून आली की सोडवलेले प्रश्न तपासायची. नणंद पदवीधर, त्यात जिभेला धार.

"वहिनी, हे काय आहे? 'ऑक्टोपस दगडांमागे का लपतो?' तू लिहिलंयस, लाजाळू आहे म्हणून."

"असेल की. तीन हृदयं सांभाळायची म्हणजे..."

"वहिनी! उत्तर उताऱ्यात शोधायचं, पोटात नाही. तू परीक्षा देतेयस की सगळ्यांची सोयरीक जमवतेयस?"

"उद्यापासून नाही जमवणार."

"शपथ घे."

तिने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी मोजाला पिल्लं झाली. मोजा मुळात कुत्रा की कुत्री, हा वाद सासूबाईंनी हाताच्या एका झटक्यात मिटवला.

परीक्षेच्या दिवशी तिला एका शाळेत बसवलं. बाक लहान पोरांचे, गुडघे टेबलाला अडकत होते. पुढच्या बाकावर बसलेल्याला अजून धड मिसरूडही फुटलं नव्हतं. "काकू, तुमचा मुलगा कुठल्या खोलीत आहे?" त्याने अदबीने विचारलं. "मीच तो," ती म्हणाली.

गणित, विज्ञान बरे गेले. इंग्रजीचा विभाग उघडला आणि पहिल्याच उताऱ्यावर तिचा चेहरा असा खुलला, की पर्यवेक्षक बाई संशयाने जवळ येऊन उभ्या राहिल्या. मनोरा. चावी. म्हातारा! परक्या लग्नात माहेरचं माणूस भेटावं तसं तिला झालं. अगदी तोच उतारा. आता वाचायचा कशाला? म्हाताऱ्याच्या जावयाला कुठली भाजी आवडत नाही, इथपर्यंत तिला ठाऊक होतं. तिने सरळ प्रश्नांना हात घातला. म्हातारा कसा होता? आशावादी. गावकऱ्यांचं त्याच्याशी नातं? प्रेमाचं. म्हाताऱ्याने दार उघडं का ठेवलं? चार पर्याय होते, तिने नजर फिरवायच्या आत पहिल्यालाच खूण केली. कुत्रा परत यावा म्हणून. वाचलेल्या वेळात तिने पेन चावणाऱ्या पोरांकडे जरा कनवाळूपणे पाहूनही घेतलं.

बाहेर फाटकाशी तो बिनमिशीवाला आणि त्याचा मित्र उत्तरं जुळवत होते.

"दार उघडं ठेवल्याचं काय टाकलंस?"

"चौथा. 'उताऱ्यावरून सांगता येत नाही.' सोपा होता."

ती मध्ये पडली. "सांगता कसं येत नाही? कुत्रा त्याच रात्री आला की."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कुठे आला, काकू?"

"विजा चमकल्या तेव्हा..." ती म्हणाली, आणि थबकली. विजा तिने चमकवल्या होत्या. बटणच्या गादीपाशी, लाटण्याच्या धाकाने. आशावादी म्हातारा तिचा. प्रेमळ गावकरीही तिचेच. पुस्तकात तर म्हाताऱ्याला निरोप द्यायला चिटपाखरूही आलं नव्हतं.

"काकू, पाणी हवंय का?" बिनमिशीवाल्याने विचारलं.

निकाल लागला तेव्हा ती इंग्रजीत एका गुणाने राहिली होती. बाकी विषयांत चांगली वर होती, त्यामुळे ते जास्तच लागलं. नणंदेने डोकं धरलं. "एक प्रश्न, वहिनी! नुसता उतारा वाचला असतास तरी! कुत्र्याने घात केला तुझा."

"कुत्र्याचा काय दोष?" ती म्हणाली. "त्याला मीच बोलावलं."

नवऱ्याने "पुढच्या वर्षी" एवढंच म्हटलं आणि तिच्या ताटात गरम पोळी वाढली. सासूबाई मात्र पेपर काढणाऱ्यावरच उलटल्या. "त्याला तरी ठाऊक आहे का कुत्रं आलं की नाही ते? मुक्या जनावराला वाऱ्यावर सोडून प्रश्न विचारतोय मेला!"

दुसऱ्या दिवशी दुकानात मालकांनी तिच्या चेहऱ्यावरूनच निकाल वाचला. एक फ्रेम उचलली आणि शांतपणे पुसायला लागले. तिला एकदम रडू आलं, मग त्यांच्या पुसण्याने काचेवर उमटलेले बोटांचे ठसे बघून हसू आलं. ती फ्रेम हातातून काढून घेऊन तिने स्वतः पुसली.

दुपारी पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं. या वेळी कडक नियम केला. जेवढं छापलंय तेवढंच वाचायचं, तेवढंच सांगायचं. पान उघडलं तर तोच मनोरा. बरं झालं, तिने मनाशी म्हटलं, सुरुवात इथूनच करू. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. म्हातारा जिना उतरला. दार उघडं राहिलं. खाली कोरी जागा. तिने मन घट्ट करून त्या कोऱ्या जागेकडे नुसतं पाहिलं.

पच्.

बटण जागीच होती. केव्हापासून, कोण जाणे. आज ती "खरं खरं सांग" म्हणाली नाही. सरकत सरकत आली, आईच्या मांडीवरच्या पुस्तकाला टेकली आणि ओला अंगठा फ्रॉकला पुसला.

"आई, मोजा परत आला म्हणून तू नापास झालीस?"

"कोण म्हणालं?"

"आत्या."

बटणने पानावरचं मनोऱ्याचं चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग तिचा खालचा ओठ पुढे आला, पण या वेळी तिने तो मोठ्या निग्रहाने आत घेतला.

"मग आपण त्याला परत पाठवून देऊया का?"