मापाचा माणूस

नारोपंतांनी कागदावर काढलेला माणूस तिसऱ्या दिवशीही दगडाशीच उभा होता. पाय काही उचलेना.

चांद्याच्या जंगलात जुन्या थडग्यांभोवती उभ्या दगडांची वर्तुळं आहेत. ती उकरायला साहेब आला होता आणि नारोपंत त्याचे नकाशे काढत. दगड किती उंच हे कलकत्त्यातल्या लोकांना कळावं म्हणून शेजारी एक माणूस काढायचा, ही रीत. पंतांनी मजुरांतला सोनू मडावी उभा केला, काढला आणि जेवायला निघून गेले. सोनू तिथंच राहिला. बाकीचे मजूर त्याच दुपारी पळाले. अहो, पळणार नाहीत तर काय!

साहेब मात्र खूश. "चांगलं आहे. हलत नाही."

सोनूची बायको जंगूबाई रोज आंबील आणून त्याला पाजायची. चौथ्या दिवशी ती पंतांच्या तंबूपाशी येऊन बसली. "तुमीच उभा केला जी, तुमीच सोडवा. लेकरं वाट पाहून राह्यलेत."

पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र खोडावं तर माणूसच पुसला जाईल. तसंच ठेवावं तर उद्या कागद डाकेनं कलकत्त्याला जाणार, मग सोनू कायमचा गेलाच. शेवटी त्यांनी पेन्सिल उचलली. सोनूच्या रेघांवरच रेघा ओढून त्याच्या डोक्यावर आपली पगडी काढली, उघड्या छातीवर आपला अंगरखा, मग आपलं नाक, आपल्या मिशा. भला माणूस, पण आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला! पायांतले जोडे रेखाटून होतात न होतात तोच पंत दगडाशी उभे होते.

सोनू आधी चार पावलं अडखळत चालला, मग जंगूबाईचा हात धरून धावत सुटला. दोघांनी मागं वळून पाहिलं नाही.

साहेबानं तंबूतून कागद आणला आणि पंतांच्या समोर मेज मांडलं.

"चेहरा चांगला उतरला आहे," तो म्हणाला. "पण थडगं आत किती खोल आहे, तेही दिसलं पाहिजे."

"साहेब, मी इथं उभा आहे!" पंत ओरडले.

"तसेच उभे राहा. त्याशिवाय खोली कशी कळणार?"

साहेबानं पेन्सिलीला नीट टोक काढलं आणि पंतांच्या जोड्यांखालून एक सरळ रेघ खाली ओढायला घेतली. टाचांखालची माती सुटू लागली.