आधी पट्टी, मग सळई

टिंग! सगळे गप्प असताना मला स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं की असा आवाज होतो. मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे, हिरड्या मोजणारी. माझ्या टोकावर बारीक काळ्या रेघा आहेत. दात आणि हिरडीमधल्या फटीत मला अलगद सरकवतात आणि फट किती खोल गेली ते रेघांवर वाचतात.

कारखान्यात मला घासूनपुसून घडवलं आणि मी डॉक्टरबाईंकडे आले. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना. "आधी सळई द्या," त्या म्हणायच्या आणि मी ताठ व्हायचे. तशी मी ताठच असते म्हणा!

मग ती आली. कागदाची पट्टी. नखाएवढी, फुंकर मारली तर उडेल. हिरडीच्या फटीत पाझरणारं पाणी टिपलं की तिचं काम संपलं. पण लाड केवढे! दाताभोवती कापूस लावा, तिला थुंकी लागू देऊ नका, रक्त लागू देऊ नका, चिमट्याने उचला, थंड पेटीतून तपासायला पाठवा. आणि मी टोचले की रक्त येतं, म्हणून माझा नंबर नंतर. रोज मला कडक वाफेत ठेवतात, पण मी जळते ती त्यामुळे नाही. मला पोट नाही, तरी पोटात दुखू लागलं.

एकदा खुर्चीत डॉक्टरबाईंची आईच बसली. पुढच्या दातांपाशी हिरडी लाल झाली होती.

"कधीपासून येतंय रक्त?"

"ब्रश करताना येतंच की थोडं. तू सदा कामात. म्हटलं, कशाला भुणभुण? दात तेवढे राहू देत गं, नाहीतर हसू कशी मी?"

डॉक्टरबाई गडबडल्या आणि जुन्या सवयीने त्यांनी मलाच आधी उचललं. टचकन रक्त आलं. मागून घातलेली पट्टी लाल होऊन वाया गेली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. शिवाय माझ्या रेघा म्हणत होत्या, फट फार खोल नाही. काय मिरवले मी!

पुढच्या आठवड्यात नवी पट्टी घेतली, या वेळी माझ्याआधी. तपासणीत कळलं, आत सूज जोरात चालू आहे. मित्रांनो, झालेलं नुकसान मला मोजता येतं. आत चाललेलं तिला कळतं. ते मला अजून पचलेलं नाही. तरी सांगते, हिरडीतून रक्त आलं तर गप्प बसू नका, घरात सांगा. मला नंतर उचलतील, चालेल. म्हणजे, चालवून घेईन.

"आई, अजून हाताबाहेर गेलेलं नाही. दात राहतील," तपासणीचा कागद वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या.

आजीच्या मांडीवर बसलेल्या त्यांच्या लेकीने मान वर केली.

"आई, तू सगळ्यांना 'आ करा' म्हणतेस. मग आजीला इतके दिवस का नाही म्हणालीस?"