आपोआप चालणाऱ्या खुर्चीचा खटला

मी एक चाकांची खुर्ची बोलतेय. मला ढकलायला माणूस लागत नाही. समोरचं बघून माझी वाट मीच काढते.

पायातली ताकद गेल्यावर माझ्यात येऊन बसले ते आजोबा जन्मभर बस चालवलेले. पहिल्याच दिवशी मी वळणावर वेग कमी केला, तर म्हणाले, "हात बरा आहे तुझा." तिथंच आमचं जमलं. बागेकडे जाताना ते जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगत, आणि वळण आलं की सवयीनं हवेतलं स्टिअरिंग फिरवत.

एका सकाळी कोपऱ्यावर ऊन थेट माझ्या कॅमेऱ्यात घुसलं. फुलवाली वाकून फुलांवर पाणी शिंपडत होती. मला ती दिसलीच नाही. आजोबांना दिसली. त्यांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला; मी काही थांबले नाही. बिचारीच्या पायाचं हाड मोडलं.

प्रकरण कोर्टात गेलं. मला बनवणाऱ्या कंपनीचे वकील म्हणाले, खुर्चीत बसलेल्यानं लक्ष ठेवायला हवं होतं. आजोबांच्या लेकीनं त्यांना बजावलं होतं, "बाबा, तुम्ही गप्प बसा." पण आजोबांना राहवेना. "गाडीत मी होतो. आजवर दोष दुसऱ्यावर ढकलला नाही, आता कशाला?"

तेव्हा कुबडी टेकत फुलवालीच उठली. "मॅडम, यांनी ब्रेक दाबलेला मी बघितलाय. बाई सरका, म्हणून ओरडले, तेव्हाच मी मान वर केली."

न्यायाधीशबाईंनी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, "मग ब्रेक लागला का नाही?"

तो म्हणाला, "म्हाताऱ्यांचे हात थरथरतात. चुकून दाबला जाऊ नये म्हणून, खुर्ची आपोआप चालत असताना आम्ही तो बंद ठेवतो."

"हे यांना सांगितलं होतं?"

"नाही."

जबाबदारी कंपनीवर आली. फुलवालीच्या उपचाराचा सगळा भार कंपनीनं उचलायचा, आणि अशा प्रत्येक खुर्चीचा ब्रेक बसणाऱ्याच्या हातात द्यायचा. निकाल ऐकून आजोबांना रडू फुटलं. लेक त्यांची पाठ चोळत राहिली.

आता माझी गादी विरलीय, एक चाक कुरकुरतं. कोपरा आला की आजोबा मला थांबवतात. "पाय काय म्हणतो?" फुलवाली म्हणते, "चालतोय की." मग दोघं बोलत बसतात, आणि मी मुकाट उभी राहते.

माझ्यासारखीला घरी आणाल, तेव्हा आधी एवढं विचारून घ्या: हिचं चुकलं तर पुढं कोण येणार? मला कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं करून काही होणार नाही. दुखतंय का, असं विचारायला माणूसच लागतो.