तेवीस घड्याळांची चौकशी

"वाचा, पण मोठ्याने नको," असं म्हणून हेडक्लार्क बाईंनी कागद टेबलावरून सरकवला आणि त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

काकांनी चष्मा चढवला. टाइप केलेला अर्ज होता, खाली सही नव्हती. रुग्णालयाचा स्टोअरकीपर रोज वेगळं, लाखाच्या घरातलं परदेशी घड्याळ घालून येतो. सोमवारी निळ्या तबकडीचं, मंगळवारी काळ्या, गुरुवारी सोनेरी कड्याचं, शुक्रवारी पांढऱ्या, शनिवारी हिरव्या. साध्या कर्मचाऱ्याला हे परवडतं कसं? औषधांच्या साठ्याची चौकशी व्हावी.

"बुधवार नाही यात," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काही नाही."

"चौकशी अधिकारी पुढच्या आठवड्यात येतायत. मी दाखवलं म्हणून कुठे बोलू नका हं. आधीच सगळे माझ्याकडे बघतायत."

काका स्टोअरमध्ये परतले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. त्या जागी उरलेला पांढुरका पट्टा झाकायला बाही खाली ओढली.

घड्याळं नकली होती. तेवीसच्या तेवीस. पहिलं त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी पुलाखालच्या पथारीवर घेतलं होतं, केवळ तबकडीचा निळा रंग आवडला म्हणून. चार दिवसांत ते बंद पडलं. फेकून देण्याआधी बघू तरी म्हणून त्यांनी मागचं झाकण उघडलं, तर आत तेल सुकून चिकटा झालेला. काडीला कापूस गुंडाळून, लायटरच्या पेट्रोलने एकेक चाक पुसून, सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला आणि ते सुरू झालं. तेव्हापासून नाद लागला. लोकांनी टाकून दिलेली, काच फुटलेली, काटे निखळलेली घड्याळं ते घरी आणत आणि रविवारी सकाळी खिडकीपाशी भिंग डोळ्याला लावून बसत. बायको म्हणायची, "तुमची सवत एक नाही, तेवीस आहेत मला."

कोणी विचारलं, "काका, खरं आहे का हो?" तर ते नुसते हसत. खोटं असं कधी बोलले नाहीत. पण त्या हसण्यात थोडी लबाडी होतीच. मोठे डॉक्टरसुद्धा बोलता बोलता त्यांच्या मनगटाकडे बघत, आणि काकांना ते गोड लागे. आता सांगायचं तर पंधरा वर्षांचं ते हसू सगळ्यांसमोर गिळायचं. शिवाय नकली बाळगणं हाही गुन्हाच निघाला तर?

पण त्याहून मोठा किडा डोक्यात शिरला होता: अर्ज केला कोणी? वार आणि तबकड्यांचे रंग इतके नेमके ठाऊक असायला माणूस रोज शेजारी बसणारा हवा. आणि बुधवारी तो इथे नसायला हवा.

काका प्रत्येकाकडे नव्या नजरेने बघू लागले. शिपाई कपाट पुसायला आला की ते उठून उभे राहत. दोन नर्स हसल्या की आपल्यालाच हसल्या. ड्रॉवरच्या फटीत त्यांनी दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. घरी बायको म्हणाली, "अहो, कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघताय. झालंय तरी काय?" त्यांनी तिलाही सांगितलं नाही.

आणि फिरून फिरून संशय एकाच माणसावर येऊन थांबत होता. फार्मासिस्ट. काका त्यांना 'पुडीवाले' म्हणत. एकोणीस वर्षं दोघे एकाच टेबलावर डबा खात होते. पुडीवाल्यांना रुग्णालयातलं सगळं माहीत असे आणि ते सहसा काही बोलत नसत. आणि दर बुधवारी त्यांची ड्यूटी गावाबाहेरच्या दवाखान्यात असे.

शुक्रवारी जेवताना काकांना राहवलं नाही. "पुडीवाले, बुधवारी तुम्ही कुठे असता?"

"कुठे म्हणजे? बाहेरच्या दवाखान्यात. आज काय नवीन?"

"नवीन काही नाही. टाइप करायला तिथेच दिलं की दुसरीकडे?"

पुडीवाल्यांचा घास तोंडातच थांबला. बाजूच्या टेबलावर नर्सेस होत्या, त्यांनी माना वळवल्या.

"काका, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"मला सगळं कळतं. घर फिरलं की वासे फिरतात, ऐकलं होतं. पण एकोणीस वर्षं शेजारी बसून माणूस माझ्या हाताकडे बघत वार मोजतोय, हे नव्हतं माहीत."

वाटलं होतं, पुडीवाले भांडतील, शपथ घेतील. त्यांनी तोंडातला घास संपवला. डब्याचं झाकण लावलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. खरा चोर असाच गप्प बसतो, असं काकांनी मनाला समजावलं. तरी त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

चौकशी अधिकारी तरुण बाई होत्या. तीन दिवस त्यांनी स्टोअर पालथं घातलं. रजिस्टरं, खोकी, तारीख उलटलेल्या बाटल्या, सगळं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "साठा चोख आहे. बँडेजचे दोन रोल जास्तच भरले. आता घड्याळं."

काकांनी इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात, एकेका कप्प्यात एकेक, अशी सगळी आणली होती. खोकं टेबलावर ठेवलं.

"नकली आहेत," ते म्हणाले. पंधरा वर्षांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला.

"कशावरून?"

त्यांनी निळ्या तबकडीचं घड्याळ पालथं करून झाकण उघडलं, भिंग बाईंच्या हातात दिलं. "हे नाव बघा. एक अक्षर चुकलंय. सगळ्यांत काही ना काही चुकलंय. याची तारीख तिरकी बसते. यात हे छोटे काटे नुसते चिकटवलेत, फिरत नाहीत." मग त्यांना राहवलं नाही. "पण मशीन गुणाचं आहे हो. आणलं तेव्हा दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं. आता पंधरा सेकंदांवर आणलंय."

"नकली आहे तर इतकी मेहनत कशाला?"

"बाई, त्याला थोडंच ठाऊक आहे ते नकली आहे."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी घड्याळ दोन्ही हातांनी परत दिलं. मग फाइलमधून एक कागद काढला. "तुमच्या बाजूचा एक जबाब आधीच आलाय. न मागता. तेव्हा मला तो पटला नव्हता." त्या वाचू लागल्या. "स्टोअरकीपरची सर्व घड्याळे नकली असल्याचे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. अस्सल घड्याळात पाणी शिरत नाही; ते घालणारा माणूस हात धुताना ते काढून खिशात ठेवत नाही. त्यांनी कधी सांगितले नाही म्हणून मी कधी विचारले नाही. साठ्यातली एक गोळीही त्यांनी इकडची तिकडे केलेली नाही. याची हमी म्हणून मी माझी नोकरी पणाला लावतो."

"कोणाचा आहे?" काकांनी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"तुमच्या फार्मासिस्टचा. मागच्या शनिवारी स्वतः माझ्या ऑफिसात येऊन देऊन गेले."

शनिवारी. म्हणजे डबा झाकून उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

महिन्याभराने निर्दोष असल्याचा आदेश आला. अर्ज कोणी केला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. हेडक्लार्क बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं अभिनंदन केलं. तोवर पुडीवाल्यांनी बदली मागून घेतली होती, मागच्या आवारातल्या क्षयरोग विभागात. तिकडे सहसा कोणी मागून जात नाही.

काका दुपारी तिकडे गेले. औषधाच्या खिडकीसमोर रांग होती. ते रांगेत उभे राहिले. नंबर आला.

"कागद?" पुडीवाल्यांनी मान वर न करता विचारलं.

"कागद नाही. पुडीवाले, मी..."

हात थांबला. मान वर झाली. राग असता तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं," काका म्हणाले.

"मी जबाब दिला तो खरं होतं म्हणून. तुमच्यासाठी नाही. बाजूला व्हा, मागे माणसं उभी आहेत."

काका बाजूला झाले. निघून जायला पाय उचलेना, म्हणून भिंतीलगतच्या बाकावर टेकले. रांग हळूहळू पुढे सरकत होती. एक म्हातारी पुड्या घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. पुडीवरचं अक्षर डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, लांब धरून बघितलं आणि शेवटी काकांच्या पुढ्यात धरलं.

"बघ रे बाबा, काय लिहिलंय."

अक्षर ओळखीचं होतं. काकांनी वाचलं, "आजी, पांढरी गोळी सकाळी एक. लाल गोळी रात्री एक."

"जेवणानंतर," खिडकीच्या आतून आवाज आला.

काकांनी खिडकीकडे पाहिलं नाही. म्हातारीकडे वळून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "जेवणानंतर, आजी. विसरायचं नाही."