तारेच्या तोंडाला कुंकू

साधनाने तार भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात सारली, ती कट्कन बसल्याची खात्री केली आणि दोन पावलं मागे सरून दिव्यांकडे बघत उभी राहिली. पहिला दिवा हिरवा झाला. दुसरा लाल झाला आणि लालच राहिला.

"झालं का वं?" सोनीबाईंनी चुलीपासून विचारलं.

"नाही मावशी. तारेतून उजेड येत नाही."

"तारंतून उजेड?"

"हिच्या आत केसाएवढी काच असते. त्या काचेतून उजेड येतो, त्याच्यावर नेट चालतं."

सोनीबाईंना हे काही पटलं नाही. पण नेट जोडायला आळ्याहून मढपर्यंत स्कूटीवर आलेल्या पोरीशी हुज्जत घालणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

सव्वाअकरा झाले होते. बारा वाजता पुण्याच्या कंपनीतल्या मॅडम व्हिडिओवरून सुनेच्या, वृषालीच्या, घरातलं नेट बघणार होत्या. चाललं तर सोमवारपासून तिने घरी बसून काम करायचं. नाही चाललं, तर मुलाने, भरतने, आळेफाट्याला नेट असलेली खोली पाहूनच ठेवली होती. त्याची पिकअप गाडी तशीही रोज तिकडेच असायची. मग तो, वृषाली आणि छोटी नात समृद्धी तिकडे जाणार आणि या घरात सोनीबाई आणि त्यांचे मालक गेणभाऊ, दोघंच एकमेकांची तोंडं बघत बसणार. जायची तयारी म्हणून जुन्नरच्या बाजारातून पत्र्याची एक निळी पेटीही येऊन पडली होती.

या घरात नवी वस्तू आली आणि तिला हळदकुंकू लागलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मिक्सरला लागलं, पिकअपला लागलं, कुकरलासुद्धा लागलं. निळी पेटी मात्र पंधरा दिवस भिंतीशी कोरीच पडून होती. सगळ्यांनी ते पाहिलं होतं, पण बोललं कुणीच नव्हतं.

"वानरांचं काम आसंल," गेणभाऊ ओसरीवरून म्हणाले. "परवा कौलं फोडली, आज तार तोडली. लई माजलीत."

साधना मीटर घेऊन रस्त्याकडच्या खांबापर्यंत गेली. तिथून हिरड्याच्या झाडावरून, मग गोठ्याच्या कडेने आलेली तार तिने हाताने चाचपत आणली. गेणभाऊ काठी घेऊन मागोमाग होते. वानर सापडलं नाही, त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

"खांबावर उजेड चांगला आहे, तार कुठं मुडपलेली नाही," परत येऊन साधना म्हणाली. "म्हणजे घोळ घरातच आहे. काल आमच्या माणसांनी तारेच्या टोकाला टोपण घालून ठेवलं होतं. ते कुणी काढलं होतं का?"

गेणभाऊंनी वृषालीकडे पाहिलं. वृषालीने समृद्धीकडे पाहिलं. समृद्धी सवयीने म्हणाली, "मी नाय."

सोनीबाई कोरडेच हात पदराला पुसत होत्या.

"म्या काढलं व्हतं," त्या म्हणाल्या. "सकाळी डब्याला हळदकुंकू लावलं. मंग म्हनलं, तारंलाबी लावावं. पर टोपनाला लावून काय उपेग? मोटर आसू दे का गिरण, आपन तोंडालाच लावतो की. तसं हिच्याबी तोंडाला लावलं. टोपन पुन्यांदा नीट बसवलं व्हतं."

सून जाऊ नये म्हणून देवाला साकडं घालायचं आणि तिची आळेफाट्याची वाट आपल्याच हाताने मोकळी करायची. सोनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वृषालीकडे बघायचा त्यांना धीर होईना.

साधनाने तार काढली. पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि पुसायच्या पांढऱ्या कापडाच्या घड्या काढल्या. पहिल्या घडीवर गुलाबी डाग उमटला, दुसरीवर पिवळसर, तिसरी कोरी निघाली. डब्याचं भोकही तिने एका बारीक काडीने साफ केलं. मग तार सारली आणि या वेळी मागे न सरता तिथेच थांबली.

लाल दिवा गेला. त्याच्या शेजारचा हिरवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. बाराला आठ मिनिटं कमी होती.

वृषालीने केसांवरून हात फिरवला आणि लॅपटॉप कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. घरात टेबल नव्हतं. तिने निळी पेटी ओढत डब्याखाली आणली, वर लॅपटॉप ठेवला आणि पाटावर मांडी घालून बसली.

बाकीचे ओसरीवर आले. सोनीबाईंनी साधनाला चहा दिला.

"माजी चूक झाली बाय," त्या हळूच म्हणाल्या.

साधनाने तारा जोडायच्या मशीनची पेटी पुढे ओढली. झाकणावर बाहेरच्या बाजूला हळदकुंकवाची फिकट बोटं होती.

"हे खंडेनवमीचं. पहिल्या वर्षी मी झाकण उघडून आत लावलं होतं, अगदी भक्तिभावाने. पंधरा दिवस मशीन दुरुस्तीला पडलं होतं. साहेबांना मी सांगितलं, धूळ गेली."

सोनीबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं आणि ते आवरेना. गेणभाऊही दात नसलेलं हसू लागले. आतून वृषालीने मान वळवून ओठांवर बोट ठेवलं, तसं तिघांनी तोंडाला पदर, टोपी, रुमाल, जे हाताशी आलं ते लावलं.

"हो मॅडम, आवाज स्पष्ट येतोय," वृषाली म्हणत होती. "सोमवारी नऊ वाजता? चालेल मॅडम. हो, इथूनच."

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

साधना निघाली, तेव्हा सोनीबाई देव्हाऱ्यापुढून करंडा घेऊन आल्या. रीतीप्रमाणे त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, ओंजळीत हातसडीचे तांदूळ घातले. स्कूटी वळणाआड जाईपर्यंत त्या अंगणात उभ्या होत्या.

करंडा हातात तसाच होता. त्या आत आल्या, डब्यावरून नजर फिरवली, त्याला हात लावला नाही. मग खाली वाकल्या. वृषालीने लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला, आणि सोनीबाईंनी निळ्या पेटीच्या झाकणावर मधोमध, दोन बोटं हळद आणि दोन बोटं कुंकू लावलं.