नत्थुजींचा निरोप

चंदनने कार्डाचा शेवटचा स्क्रू आवळला, पत्र्याचा डबा बंद केला आणि कूलरसमोरून उचलून गव्हाच्या कोठीवर नेऊन ठेवला.

"काहून हलवलं?" श्यामने विचारलं. "मुद्दाम ठेवलं होतं थंड हवेत."

"कूलरची हवा ओली असते, भाऊ. आत पाणी धरलं तर कार्ड गेलं समजा."

"पाहा," मिरच्यांचे देठ खुडता खुडता माणिकबाई म्हणाल्या, "म्हातारी आई चुलीजवळ उकडून राहिली अन् कूलर डब्याले. आता डब्यालेही नको, तं इकडं फिरव ना बापा."

श्यामने कूलर फिरवला नाही. अकोटात पारा चव्वेचाळीसवर होता आणि त्याचं लक्ष पडद्यावर होतं.

चंदन अकोल्याहून आला होता. लग्नाच्या शूटिंगचं काम सुरू करायचंय, लॅपटॉप दमतो, बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडून द्या, एवढंच त्याला फोनवर सांगितलं होतं. डब्याला स्वतःची वीज, स्वतःचा पंखा. लॅपटॉपला मात्र दोन जुळी छिद्रं. एकातून नुसतं चार्जिंग व्हायचं. श्याम आठवडाभर त्याच छिद्रात वायर खुपसून कंपनीला शिव्या देत बसला होता. चंदनने वायर दुसरीकडे लावली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. ड्रायव्हर चढला. यादीत कार्डाचं नाव आलं आणि डब्यातला पंखा घुरघुरला.

"जागं झालं वाटते," माणिकबाई म्हणाल्या. "काय खाते हे?"

"वीज खाते, काकू."

"मंग उपाशीच राहीन. आमच्याकडं दुपारची लाइन कुठं टिकते." मग त्यांनी चंदनला त्याचं गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं, नाही म्हटल्यावर काहून नाही तेही विचारलं. यजमान नत्थुजी होते तोवर घरात त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला माणूस होता. गेल्या दिवाळीनंतर तोही नव्हता.

श्यामने एक फोल्डर उघडलं. "आता हे चालवून पाहू. काल रात्रभर लावलं तं पहाटे लटकलं."

पडद्यावर एक पट्टी सरकू लागली. तीन मिनिटांत संपली. श्यामने आवाज वाढवला.

"आचल बाई," नत्थुजी म्हणाले, "मी बाबा बोलून राहिलो. वावर भावाच्या नावावर राहू दे. हक्कसोडीवर सही करून टाक. मनात होतं, सांगाचं राहून गेलं."

मधे त्यांना खोकलाही आला. तोच, दोन वेळचा.

माणिकबाईंचा हात मिरचीसकट थांबला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. नत्थुजी घरात आले की घ्यायच्या तसा.

श्यामने ते पाहिलं आणि त्याला समाधान वाटलं. "आईनं पदर घेतला. म्हणजे जमलं."

संत्र्याच्या बागेतला आपला हिस्सा सोडायला आचलने भांडून नकार दिला नव्हता. तेराव्याला ती एवढंच म्हणाली होती की बाबांनी एकदा तोंडानं सांगितलं असतं तर केली असती सही. श्याम ते विसरला नव्हता. बाबांचे जुने व्हॉइस मेसेज त्याने आठवण म्हणून तिच्याकडूनच मागवून घेतले होते आणि तिने एकूण एक पाठवले होते. त्यांवरूनच लॅपटॉपने हा आवाज घडवला होता.

चंदन खाली बसून पाने-पेचकस पिशवीत भरू लागला. एक पेचकस त्याने दोनदा पुसला.

"शूटिंगचं म्हटलं होतं तुमी," तो म्हणाला.

"ते बी करू." श्यामने मिरच्यांच्या टोपलीजवळचा स्वतःचा मोबाइल उचलला. पडद्यावर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका होता. एक्केचाळीस मिनिटं. "आई, तुहाही आवाज आला यात. बाबाचं आयकून ती विचारन ना, आईले माहीत होतं काय म्हणून. तुले काई करा नाही लागत. तू बस."

माणिकबाईंचं तोंड अर्धवट उघडं होतं. त्यांनी ते मिटलं.

श्यामने कानाला हेडफोन लावले. माणिकबाई उठल्या, खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि चंदनच्या मोटरसायकलजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

एसटी स्टँडवर चंदनने विचारलं, "काकू, पोरीले फोन लावून देऊ काय?"

त्याच्या हातातल्या मोबाइलकडे विंचवाकडे पाहावं तसं पाहून त्यांनी मान हलवली आणि पदर तोंडावर धरला. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं तेव्हाही त्यांनी गाडीच्या पाटीकडे बोट दाखवलं. मुक्या बाईला त्याने खिडकीची जागा करून दिली.

अमरावतीत आचलच्या खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. माणिकबाई पायरीवर पोचल्या आणि तिथंच थांबल्या. आत त्या बोलत होत्या.

"बाबाचं आयकलं ना बाई? मले बी तेच म्हणत होते. माह्या जिवाले घोर नको लावू."

आचल पाठमोरी बसून रडत होती. रडता रडता ती फोनवर टाइप करत होती: सोमवारी रजा टाकते, रजिस्ट्रीले येते. बोट बटणाकडे गेलं तेव्हा दारातली सावली फरशीवर पडली. तिने वळून पाहिलं.

"आई?"

फोनमधल्या माणिकबाई अजून बोलत होत्या. दारातल्या माणिकबाई आत आल्या, तिच्याजवळ टेकल्या आणि त्यांनी फोनवर तळहात ठेवला. आवाज दबला, थांबला नाही.

आचलने त्या हाताकडे, मग आईच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने तो बाजूला केला आणि टाइप केलेलं एकेक अक्षर पुसलं.

"मंग दुपारचा तो बाबाचा?"

माणिकबाईंनी मान हलवली.

आचलचं बोट वर सरकत गेलं. नवरात्र, पोळा, आखाजी. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते थांबलं.

"अन् हे?"

"ते तेच व्हय, बाई." दुपारपासून माणिकबाई पहिल्यांदाच बोलल्या, आणि आवाज घोगरा निघाला. "ते खरे."

आचलने मान डोलावली. मग तो उन्हाळ्यातला मेसेज लावला, डोळे मिटून ऐकू लागली, आणि त्याच दोन वेळच्या खोकल्याशी आल्यावर बंद केला.