उत्तर न देणारी शाखा

"अहो ताई, काहीतरी करा हो! सकाळपासून आमच्या सगळ्या शाखा गोगलगाय झाल्यात. एक पावती निघेपर्यंत गिऱ्हाईक शिव्या घालून निघून जातंय."

फोनवर विमा कंपनीच्या मुख्य ऑफिसातला कॉम्प्युटरवाला होता. नवा असावा. जुने लोक डेटाबाईंपुढे असं रडगाणं गात नसत, सरळ भांडत.

"ओरडू नका. ओरडल्याने लाइन फास्ट होत नाही," डेटाबाई म्हणाल्या आणि खुर्ची स्क्रीनकडे वळवली.

टेलिफोन एक्स्चेंजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे एसी माणसांसाठी नसतो, यंत्रांसाठी असतो, तिथे बाई बारा महिने स्वेटर घालून बसत. शहरात ज्यांना आपल्या दूरदूरच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला हवे असत, त्यांना टेलिफोन खातं एक वेगवान डेटा सेवा भाड्याने देई. बँक, दवाखाना, विमा कंपनी, सगळ्यांची माहिती त्या एकाच सार्वजनिक जाळ्यातून धावायची, पण एकाची दुसऱ्याला दिसायची नाही, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ऑफिसांचा वेगळा गट बांधलेला असे. गट बांधायचे आणि बिघडले तर सांधायचे, हे बाईंचं काम. त्यांचं खरं नाव या कामापुढे केव्हाच मागे पडलं होतं.

ही यंत्रं एकमेकांना शोधतात कशी, असं कुणी विचारलं की बाई रंगात येत. "भरल्या हॉलमध्ये कुणी सापडलेली छत्री वर धरून ‘ही कुणाची?’ म्हणून ओरडतं की नाही, तस्सं! यंत्र अख्ख्या गटाला विचारतं, हा पत्ता कुणाचा? ऐकतात सगळे. ज्याचा असेल तो म्हणतो, माझा. एकदा ओळख पटली की पुढचं बोलणं दोघांतच."

आज स्क्रीनवर एकच प्रश्न ओळीने खाली सरकत होता. हा पत्ता कुणाचा? हा पत्ता कुणाचा? उत्तर कुणाचंच नाही, आणि प्रत्येक वेळी प्रश्नाची प्रत मात्र सगळ्या शाखांच्या दारात जाऊन पडत होती. लाइनी तुंबणार नाहीत तर काय!

"तुमचं यंत्र सकाळपासून एकालाच हाका मारतंय. काही नवीन उद्योग केलात का?"

"काल संध्याकाळी नवा प्रोग्राम टाकला. उत्तर येईस्तोवर विचारत राहतो तो."

"अहो, विचारायला पण काही लाज असते! थांबा, कुठल्या शाखेला विचारतोय ते बघते."

बाईंनी पत्ता जुळवून पाहिला आणि त्यांना हसूच फुटलं. पुलाजवळची शाखा! त्यांचे मिस्टर तिथेच तर होते, लग्नाआधीपासून, आता तर मोठे कारकून.

"ही आमच्या ह्यांचीच शाखा निघाली. मशीन चालू करायला विसरले असतील. सकाळी घरातून हे एवढे घाईत निघालेत, आणि तिथे जाऊन नुसता चहा पीत बसले असणार. थांबा, मीच झापते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पुलाजवळची म्हणालात ना ताई? ती बंद झाली."

"तेच म्हणतेय मी. चालू करायला सांगते."

"नाही हो, शाखाच बंद झाली. मी लागायच्या आधीच. सगळ्यांना घरी बसवलं, जागाही सोडली. आमच्या यादीतून काढायची राहिलेली दिसतेय. सॉरी हं, आमचीच चूक. काढतो मी."

"हो. काढा," बाई म्हणाल्या. आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, तेच त्यांना कळेना.

फोन खाली ठेवून त्यांनी लगेच उचलला आणि मिस्टरांच्या ऑफिसचा नंबर फिरवला. कितीतरी महिन्यांत फिरवला नव्हता. नव्या साहेबाला घरचे फोन खपत नाहीत, अशी मिस्टरांची ताकीद होती. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही,’ बाईंच्याच एक्स्चेंजमधल्या ध्वनिफितीने त्यांना गोड आवाजात सांगितलं. आणि तरी मन म्हणतंय, छे, दुसरीच शाखा असेल, पूल काय एकच आहे का शहरात!

त्या उठून तळमजल्यावर स्टोअरमध्ये गेल्या. लाइन बंद झाली की गिऱ्हाइकाकडची जोडणीची पेटी लाइनवाले काढून आणतात आणि इथल्या मांडणीवर टाकतात. तो कागद दुसऱ्या टेबलावरून जातो, बाईंपर्यंत येत नाही. खालच्या फळीवर ती पेटी होती. शाखेचं नाव लाइनवाल्याने पांढऱ्या रंगात घातलेलं, आणि त्यावर ही एवढी धूळ. बाईंनी पदराने पुसली, आणि मग मात्र त्या तिथेच वायरच्या रिळावर मटकन बसल्या. अख्ख्या शहराच्या बातम्या ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांना घरातली बातमी नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

पण त्याहून भयंकर होतं ते वेगळंच. रोज संध्याकाळी मिस्टर बूट काढता काढता ऑफिसच्या गमती सुरू करायचे. त्यांचे खोकलासाहेब दर वाक्याआधी कसे खोकतात, शिपाई चहा लपवून कसा पितो, सगळं नकलांसकट. बाईंची पोट धरून हसायची वेळ यायची. कालच तर सांगत होते, खोकलासाहेबांनी खोकून खोकून मीटिंग बरखास्त केली म्हणून! काल! कुठली मीटिंग, कुठले साहेब? आणि ती टायपिस्ट? तिला या हिवाळ्यात मुलगी झाली म्हणून बाईंनी रात्री जागून लोकरीचे मोजे विणले होते. मिस्टर ते घेऊनही गेले. ‘फार आवडले तिला,’ म्हणाले. हा माणूस कोण आहे, जो आपल्या शेजारी झोपतो?

वर येऊन त्यांनी गटातून तो पत्ता काढला. हाताला सवय होती म्हणून निघाला. पोटात दुखतंय असं साहेबांना सांगून त्या बसमध्ये बसल्या.

पुलाजवळ उतरल्या तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पहिल्या मजल्यावर शाखेच्या पाटीच्या जागी चार भोकं तेवढी उरली होती. जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप. खाली चपलांचं दुकान, आणि त्याच्या काचेमागे बुटक्या स्टुलावर, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला पेन लावलेला, कुणा म्हाताऱ्या बाईंचा पाय मांडीवर घेऊन बसलेला त्यांचा नवरा.

बाई रस्त्याच्या अलीकडेच खिळल्या. आल्या पावली परत जावं, असं वाटलं. पण परत गेलं तर संध्याकाळ होणार, ते येणार, खोकलासाहेबांची नक्कल करणार, आणि आपल्याला हसावं लागणार. हे सगळं माहीत असताना हसायचं? ते आपल्याच्याने व्हायचं नाही. त्यांनी रस्ता ओलांडला.

"या ताई, बसा बसा," गल्ल्यावरचा मालक म्हणाला. तिशीतला असेल. मग आत वळून ओरडला, "अरे ए, ताईंना बघ!"

म्हातारी पिशवी घेऊन निघून गेली होती. मिस्टर खाली बघतच आले. चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकाचे पाय आधी दिसतात, तोंड नंतर. "रोजच्या वापरातली दाखवू की बाहेर जायची?" असं म्हणत त्यांनी स्टूल ओढलं आणि बाईंचा पाय हातात घेतला.

हात तिथेच थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"तू," ते म्हणाले.

"कधीपासून चाललंय हे?" बाईंनी दातांवर दात दाबून विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून. हळू बोल गं. नोटीस मिळाली त्याच दिवशी सांगणार होतो. घरी आलो तर सगळे शेजारी जमलेले. तुला बढती मिळाली होती. म्हटलं, उद्या सांगू."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी तू डबा भरून हातात दिलास. मी निघालो. इथल्या पगारात कमी पडतं ते फंडाच्या पैशातून घालतो, तुला कळू नये म्हणून."

"अहो, मी एक दिवस रडले असते आणि झालं असतं! वर्ष झालं! मी त्या पोरीसाठी मोजे विणले हो! ती पोर तरी आहे का कुठे?"

मिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. "टायपिस्टबाईंचं लग्नच कुठे झालंय अजून! मोजे आहेत माझ्याकडे. टाकवले नाहीत." मग म्हणाले, "दारात पाऊल टाकलं की तू विचारायचीस, आज काय झालं ऑफिसात? आणि हसायला तयारच असायचीस. मी काय सांगणार होतो तुला? आज कुणाच्या पायात काय घातलं ते?"

बाईंना इतका संताप आला, की ती समोरची चप्पल उचलून त्यांच्याच डोक्यात घालावी. आणि त्याच वेळी त्यांना दिसलं, की वाकल्यावर मिस्टरांच्या डोक्यावरचं टक्कल आता चांगलंच मोठं दिसतं. हे कधी झालं? घरात हा माणूस आपल्यापुढे असा वाकलेला कधी दिसलाच नव्हता.

"काय रे, नंबर मिळेना का?" मालकाने गल्ल्यावरून विचारलं.

तो ‘रे’ ऐकून बाईंच्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं. नवऱ्याच्या बोटांची पकडही घट्ट झाली, ती त्यांना टाचेवर कळली.

"नंबर बरोबर आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या. "मलाच ठरवता येत नाहीये."

मिस्टरांनी एक तपकिरी चप्पल त्यांच्या पायात सरकवली, पट्टा लावला, अंगठ्याजवळ दाबून पाहिलं. "ऊठ. चालून बघ."

बाई आरशापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"चावतेय का?"

"नाही."

"खरं सांग. दुकानात लोक संकोचाने बोलत नाहीत, आणि मग घरी जाऊन पाय धरून बसतात."

"टाचेला," बाई म्हणाल्या. "बरीच."

मिस्टरांनी मान हलवली, पट्टा सोडला आणि दुसरी आणायला मागच्या शिडीवर चढले. वरच्या फळीपाशी पोचले आणि पाठमोरे उभे राहिले. खोकी काही हलेनात. कुठलंच खोकं त्यांनी काढलं नाही, नुसता एक हात फळीवर टेकलेला.

मालकाने मान वर करून पाहिलं आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "शोधतायत ते. मला काही घाई नाही."